लेक ‘क्रू’ला जाते म्हणते तेव्हा: रोइंगच्या पहिल्या हंगामाची तयारी

लेक नववीच्या सुरुवातीला घरी येऊन म्हणाली, “आई, मला क्रूमध्ये जायचंय.” तिच्या बाबाला वाटलं, शाळेच्या नाटकाचे पडदे ओढायला चाललीय. त्यानं लगेच हो म्हटलं. दोन दिवसांनी फी भरायचा ईमेल आला तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेत ‘क्रू’ म्हणजे रोइंग, वल्हवण्याची शर्यत. आमच्यापैकी कुणी आयुष्यात वल्हं हातात धरलेलं नव्हतं. माझं पाण्याशी नातं म्हणाल तर सारसबागेच्या तळ्याकाठची भेळ, एवढंच.

आता तीन हंगाम झाले. न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून दर ऑगस्टमध्ये तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सुरुवातीलाच सांगते की हा खेळ आपल्या घरातल्या मुलांना फार सोयीचा आहे. इथल्या बहुतेक खेळांची दारं मूल नववीत पोचेस्तोवर बंद झालेली असतात. सॉकर, बेसबॉल, टेनिस खेळणारी मुलं सात-आठ वर्षांची असल्यापासून घासत असतात, आणि आपली त्या वयात रविवारी मराठी शाळेत ‘क ख ग’ गिरवत असतात. रोइंगमध्ये बहुतेक जण नववीत, काही तर दहावीत सुरुवात करतात. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी ‘नॉव्हिस’ असा वेगळा गट असतो, त्यांच्या शर्यतीही वेगळ्या. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंग शिकला, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या शर्यतीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्णपदक घेऊन आला. तेव्हा चौदाव्या वर्षी ‘उशीर झाला का हो?’ असं विचारू नका.

पहिली पायरी: टीम कुणाची आहे ते विचारा

नाव शाळेचं असतं, टी-शर्टवर शाळेचा शिक्का असतो, पण टीम शाळेची असेलच असं नाही. काही शाळांत रोइंग हा अधिकृत खेळ आहे: प्रशिक्षकाचा पगार, बस, विमा सगळं शाळेकडे. पुष्कळ ठिकाणी मात्र पालकांनी चालवलेली संस्था शाळेचं नाव वापरते आणि खर्च पालक उचलतात. तिसरा प्रकार म्हणजे स्वतंत्र क्लब, तिथे चार-पाच शाळांची मुलं एकत्र येतात. तिन्हींत मूल शिकतं तेच. तुमचा खिसा आणि तुमचे शनिवार यांच्यात मात्र फार फरक पडतो.

क्लबची फी एका हंगामाला हजार-दोन हजार डॉलरच्या घरात सहज जाते. आठ जणांची एक बोट हजारो डॉलरची असते, तलावाकाठी जागा लागते, मोटरबोटी लागतात, त्यामुळे हा खेळ स्वस्तात होत नाही. फीशिवाय गणवेश, राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व, बाहेरगावच्या स्पर्धांचं हॉटेल हे सगळं वेगळं. पहिल्याच सभेत तीन गोष्टी विचारा: फीत काय येतं, पालकांनी किती तास काम करायचं, आणि सवलत आहे का. सवलत बऱ्याच ठिकाणी असते, पण कुणी आपणहून सांगत नाही, आणि आपण ‘कसं विचारायचं’ म्हणून गप्प बसतो. विचारा.

आणि एवढे पैसे भरण्याआधी उन्हाळ्यातला आठवड्याभराचा ‘लर्न टू रो’ वर्ग करून बघा. चौथ्या दिवशीही मूल स्वतःहून उठून गाडीत बसलं तर पुढे जायला हरकत नाही.

दुसरी पायरी: पोहणं आणि कागद

पोहायला आलंच पाहिजे, यात तडजोड नाही. जवळपास सगळ्या टीम पोहण्याची चाचणी घेतात: ठरावीक अंतर पोहायचं आणि काही मिनिटं जागच्या जागी तरंगत राहायचं. आपली मुलं पोहण्याचा वर्ग तिसरीत करतात आणि तिथेच सोडतात. जुलैतच सराव सुरू करा.

शर्यतीच्या बोटीत वल्हवणारी मुलं सहसा लाइफ जॅकेट घालत नाहीत, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. जॅकेट प्रशिक्षकाच्या मोटरबोटीत असतात आणि ती बोट सोबत फिरत असते. मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवलेला नियम घरीही दोनदा म्हणून घ्या: बोट उलटली तर बोट सोडायची नाही, किनाऱ्याकडे पोहत सुटायचं नाही. बोट तरंगते, तिला धरून राहायचं. मार्च-एप्रिलमध्ये ऊन छान पडतं, पण पाणी अजून बर्फगार असतं, आणि धोका त्या गारठ्याचाच जास्त. आणखी एक बारीक गोष्ट आहे. बोटीतले बूट बोटीलाच स्क्रूनं बसवलेले असतात, त्यात पाय घालायचे. त्या बुटांच्या टाचा जाडसर दोरीनं खाली बांधलेल्या असतात, म्हणजे बोट उलटली तर टाच अडते आणि पाय बुटातून आपोआप सुटतो. ही दोरी तुटकी नाही ना, हे प्रत्येकानं बसण्याआधी बघायचं असतं. ‘आज टाचेची दोरी बघितलीस का?’ हा प्रश्न ‘जेवलीस का?’ इतकाच नेमानं विचारा.

कागदांत डॉक्टरांची शारीरिक तपासणी सगळ्यात महत्त्वाची. न्यू जर्सीत सरावाच्या पहिल्या दिवसाआधीच्या ३६५ दिवसांतली तपासणीच चालते. आमची ३७१ दिवसांची निघाली. चूक सर्वस्वी माझी. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत लेक आठ दिवस काठावर बसून दुसऱ्यांची वल्ही वाहत होती, आणि घरी येऊन माझ्याशी बोलत नव्हती.

पहिल्या सभेतच मुलांच्या सुरक्षिततेचे नियमही विचारून घ्या. प्रशिक्षकानं मुलाला एकट्याला मेसेज करायचा नाही, त्यात पालक किंवा दुसरं मोठं माणूस हवं. मूल आणि मोठं माणूस बंद दाराआड एकटे नसावेत. हे विचारण्यात संशय घेण्यासारखं काही नाही. चांगल्या टीमला हे प्रश्न आवडतात.

तिसरी पायरी: कॅलेंडर

इथे आपल्या घरांत सगळ्यात जास्त भांडणं होतात.

शरदाचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर, हिवाळ्यात घरात बसून मशीनवर सराव, आणि मुख्य हंगाम मार्च ते मेअखेर. आठवड्यातून पाच-सहा दिवस, रोज दोन-अडीच तास. फुटबॉलमध्ये एक जण आला नाही तर दुसरा उभा राहतो. आठ जणांच्या बोटीत सात जण बसू शकत नाहीत. तुमचं मूल मामाच्या मुलीच्या हळदीला गेलं तर उरलेल्या सातांचा दिवस वाया जातो, आणि ही गोष्ट ते सातजण विसरत नाहीत.

तेव्हा भारताची तिकिटं काढण्याआधी टीमचं वेळापत्रक बघा. डिसेंबरमध्ये जा, ऑगस्टमध्ये जा. वसंताच्या सुट्टीत नको, त्या आठवड्यात दिवसातून दोनदा सराव असतो आणि वसंतात कोण कुठल्या बोटीत बसणार ते तिथेच ठरतं. गणपती सप्टेंबरात आले तर स्थापनेच्या दिवसाची रजा मुलानं स्वतः, दोन आठवडे आधी, प्रशिक्षकाला सांगावी. स्वतः म्हणजे स्वतः. तुम्ही ईमेल केलात तर रजा मिळेल, पण मुलाची पत जाईल. आमच्याकडे आरती रात्री साडेआठला ढकलली, बाप्पानं तक्रार केली नाही.

चौथी पायरी: कपडे आणि हात

कपडे अंगाला घट्ट हवेत. बोटीतली सीट चाकांवर पुढेमागे सरकते, ढगळ शर्ट त्या चाकांत अडकतो. थंडीत सुती काही नको, भिजलं की अंगावरच गारठतं. मोजे जास्तीचे द्या. एवढं पुरे, महागडं काही घेऊ नका.

हातांना फोड येणारच. पहिल्या महिन्यात लेकीचे तळवे बघून आजीनं व्हिडिओ कॉलवर डोळ्याला पदर लावला होता. हातमोजे देऊ नका, त्यानं वल्ह्यावरची पकड बिघडते आणि कुणी घालतही नाही. फोड मुद्दाम फोडायचे नाहीत, फुटले तर साबणानं धुवायचे, कोरडे ठेवायचे, सरावाला जाताना चिकटपट्टी. लाली पसरायला लागली किंवा ताप आला तर मात्र डॉक्टर. दीड-दोन महिन्यांत घट्टे पडतात आणि विषय संपतो.

पाचवी पायरी: बोटीची भाषा

मुलाच्या बोलण्यातलं निम्मं कळावं इतपत शब्द पाठ करा. एकाच्या दोन्ही हातांत एकेक वल्हं असेल तर ते ‘स्कलिंग’. दोन्ही हातांनी एकच मोठं वल्हं धरलं असेल तर ‘स्वीप’. स्कलिंगच्या बोटी सिंगल, डबल, क्वाड; स्वीपच्या पेअर, फोर आणि एट. एट ही साधारण साठ फूट लांब असते, म्हणजे आपल्याकडच्या एसटी बसपेक्षा बरीच लांब, आणि रुंदीला जेमतेम माणूस मावेल एवढी.

वल्हवणारे पाठमोरे बसतात. जायचंय तिकडे पाठ, सोडून आलो तिकडे तोंड. नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडची सीट पहिली, तिला ‘बो’ म्हणतात. आठव्या सीटवरचा ‘स्ट्रोक’, त्याच्या लयीवर सगळे चालतात. वल्हं पाण्यात वाकडं शिरून अडकलं की ‘क्रॅब’ पकडला म्हणायचं. जोरात असेल तर वल्ह्याची मूठ छातीवर येऊन आदळते. नॉव्हिस शर्यतीत क्रॅब ठरलेला, घाबरू नका. आणि ‘वेनफ’ असं काहीतरी ओरडलेलं ऐकू आलं तर त्याचा अर्थ ‘थांबा’. हा शब्द मूळचा ‘वे इनफ’ आहे हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

काठावरचा एक शिष्टाचार आहे. जमिनीवर ठेवलेल्या बोटीला किंवा वल्ह्याला ओलांडून जायचं नाही, कितीही घाई असली तरी. आपल्याला हे समजावं लागत नाही, पुस्तकाला पाय न लावणारी माणसं आपण. बोटीला हातही लावू नका. तिचं कवच इतकं पातळ असतं की अंगठी घासली तरी ओरखडा उठतो.

सहावी पायरी: अर्ग नावाचं मशीन

हिवाळाभर मुलं ‘अर्ग’वर असतात, जिममधलं वल्हवण्याचं मशीन. त्याच्या पडद्यावर ५०० मीटरला किती वेळ लागेल तो आकडा दिसतो, त्याला ‘स्प्लिट’ म्हणतात. स्प्लिट २:०० असेल तर २००० मीटरला बरोबर ८ मिनिटं. १:५५ झाला तर ७ मिनिटं ४० सेकंद. पाच सेकंदांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण तो खाली आणायला एक अख्खा हिवाळा जातो.

२००० मीटरची चाचणी, ‘टू-के’, ही या मुलांची बोर्डाची परीक्षा. आणि आपण मार्कांवर वाढलेली माणसं. पहिल्या टू-केनंतर गाडीत बसताक्षणी मी विचारलं, “किती आला? बाकीच्यांना किती?” उत्तर मिळालं नाही, दार आपटल्याचा आवाज मिळाला. आता मी पाण्याची बाटली आणि केळं पुढे करते आणि रेडिओ लावते. सांगायचं असेल तर ती सिग्नलला सांगते.

मशीन घरी घ्यावं का? पहिल्या वर्षी नको. नवं मशीन हजार डॉलरच्या आसपास जातं, आणि चुकीची पद्धत घरी एकट्यानं घोटली तर पाठ धरते. घेतलंच तर बाजूची पट्टी १० वर ओढून ‘जास्त जोर, जास्त फायदा’ करू नका. तो आकडा म्हणजे सायकलच्या गिअरसारखा प्रकार आहे. साधारण ३ ते ५ मध्ये ठेवतात.

बोटीत कुणाला घ्यायचं हे मात्र नुसत्या अर्गवर ठरत नाही. प्रशिक्षक दोन बोटी शेजारीशेजारी पळवतात, मग दोन मुलांची अदलाबदल करून पुन्हा पळवतात. कुणाच्या येण्यानं बोट पुढे सरकली ते दिसतं. याला ‘सीट रेस’ म्हणतात. मूल दुसऱ्या बोटीत गेलं म्हणून प्रशिक्षकाला गाठायला निघाला असाल, तर आधी हे झालं होतं का ते मुलाला विचारा, आणि मग घरीच राहा.

कॉक्सबद्दल थोडं सविस्तर

मोठ्या बोटीत एक जण वल्हवत नाही. तो कॉक्सवेन, उच्चार ‘कॉक्सन’, सगळे म्हणतात कॉक्स. कोळ्यांच्या होडीवरचा तांडेलच समजा: सुकाणू त्याच्या हातात, हुकूम त्याचा. तोंडाशी माइक, बोटीत स्पीकर.

आपली मुलं चणीनं लहान असतात म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना ‘तू कॉक्स हो’ असं सांगितलं जातं. यात दोन बाजू आहेत. कॉक्स हे फार मोठं काम आहे. सोळा वर्षांच्या मुलीनं आठ जणांना शिस्तीत ठेवायचं, वळण कापायचं, शेवटच्या दोनशे मीटरला कुणाच्या अंगात काय उरलंय ते ओळखायचं. ज्या मुलाला हे मनापासून हवंय त्याला जरूर करू द्या. पण केवळ उंची बघून कुणी ढकलत असेल, आणि मुलाला वल्हवायचं असेल, तर त्यानं तसं स्पष्ट सांगावं. चौदाव्या वर्षी पाच फूट असलेलं मूल सतराव्या वर्षी किती होईल ते त्याच्या आईलाही ठाऊक नसतं.

वजनाबद्दल सावध राहा. कॉक्सला किमान वजनाची अट असते (आंतरराष्ट्रीय शर्यतींत ५५ किलो, शालेय शर्यतींचे आकडे वेगळे), कमी भरलं तर वाळूची पिशवी सोबत न्यावी लागते. म्हणजे त्या आकड्याखाली वजन उतरवून काडीचाही फायदा नाही. वल्हवणाऱ्यांत ‘लाइटवेट’ म्हणजे कमी वजनाचा गट असतो, त्यासाठी वाढत्या वयाची मुलं जेवण तोडतात. ऑलिंपिकमध्ये पॅरिस २०२४ नंतर लाइटवेट गट राहिलेला नाही. आमच्या घरी मी नियम केला की वजनकाटा पोटमाळ्यावर, आणि डब्यात दोन थालीपिठं जास्त. सरावाच्या दिवसांत ही मुलं भयंकर खातात. शाकाहारी असाल तर डाळ, उसळ, पनीर, अंडी चालत असतील तर अंडी, दूध यांचा हिशेब मोठा धरा, आणि सरावानंतर लगेच काहीतरी पोटात जाऊ द्या. घरी येऊन वरणभाताची वाट बघायला वेळ नसतो.

कॉलेजचं काय?

हा प्रश्न तुम्ही मनात धरून आहात हे मला माहीत आहे. मुलींसाठी रोइंग १९९७ पासून एनसीएएचा, म्हणजे कॉलेजांच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा, खेळ आहे आणि काही विद्यापीठं शिष्यवृत्ती देतात. मुलांचं रोइंग एनसीएएत येत नाही. आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्तीच नाही, प्रवेशाला मदत होऊ शकते इतकंच. त्यासाठी लागणारे अर्गचे आकडे फार थोड्या मुलांचे असतात. प्रवेशासाठी म्हणून या खेळात घालणार असाल तर त्यापेक्षा पियानो बरा, निदान सकाळी झोप मिळते.

रेगाटाचा दिवस

स्पर्धेला रेगाटा म्हणतात. पुण्याच्या सीओईपीत शिकलेल्यांना हा शब्द नवा नाही, संगमाजवळच्या त्यांच्या बोट क्लबचा रेगाटा दरवर्षी गाजतो. आमच्या भागात रेगाटा म्हणजे वेस्ट विंडसरचं मर्सर लेक, कॅमडनजवळची कूपर नदी किंवा फिलाडेल्फियाची स्कूलकिल नदी. प्रिन्स्टनमधून जाताना दिसणारं कार्नेगी लेकसुद्धा निसर्गानं केलेलं नाही. अँड्र्यू कार्नेगीच्या पैशानं १९०६ साली नदी अडवून ते बांधलं, विद्यार्थ्यांना वल्हवता यावं म्हणून.

शरदातली शर्यत ‘हेड रेस’ असते. साधारण तीन मैल, बोटी एकामागून एक सोडतात आणि घड्याळ लावतात. जी आधी येताना दिसते ती जिंकली असं नाही. पहिल्या वर्षी मी नाचले आणि निकालात आम्ही शेवटून तिसरे होतो. बोस्टनचा ‘हेड ऑफ द चार्ल्स’ ही यातली मोठी जत्रा, १९६५ पासून चालू. वसंतात सगळ्या बोटी एका रांगेत सुटतात: शालेय शर्यत बहुधा १५०० मीटर, राष्ट्रीय युवा स्पर्धेत २०००. फिलाडेल्फियाचा स्टोट्सबरी कप १९२७ पासून दर मे महिन्यात होतो, तोही १५०० चा. गंमत म्हणजे २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं अंतरही १५०० च आहे, तिथली जागा तेवढीच आहे म्हणून.

दिवस असा जातो. पहाटे पाचला मूल बसमध्ये. बोटी आदल्या दिवशीच सुट्या करून ट्रेलरवर चढवलेल्या असतात, तिथे पोचून पुन्हा जोडायच्या. त्यासाठी ७/१६ इंचाचा आणि १० मिलिमीटरचा पाना लागतो. मुलं ते सारखे हरवतात, एक जोडी तुमच्या गाडीत ठेवाच. मग तीन तास वाट. मग शर्यत: सहा-सात मिनिटं, त्यातलं तुम्हाला दिसतं शेवटचं एखादं मिनिट. त्यासाठी दुर्बीण न्या, नाहीतर माझ्यासारखं होईल. मी पूर्ण ताकदीनं “चल गं माझी वाघीण!” ओरडले, ती बोट शेजारच्या गावाची होती. आपल्या वल्ह्याच्या पात्याचा रंग आणि लेनचा आकडा आधी विचारून ठेवा, दुरून तेवढंच ओळखू येतं. नंतर पुन्हा तीन तास वाट, फायनल असेल तर.

सोबत गुडघ्यापर्यंतचे बूट (काठ म्हणजे चिखल), घडीच्या खुर्च्या, सनस्क्रीन आणि स्वेटर दोन्ही, पार्किंगला सुटे पैसे.

पालकांचा खरा मुक्काम खाण्याच्या तंबूत. तिथे ड्युटी लागते, टाळू नका, टीममधली सगळी माहिती तिथेच मिळते. पहिल्यांदा मी घाबरत घाबरत पोह्यांचे दोन मोठे ट्रे नेले. शेंगदाणे वगळून, कारण ॲलर्जीचं आधी विचारायचं असतं. बेगलच्या डोंगराशेजारी ते पिवळे ट्रे अगदी परके दिसत होते. सकाळी साडेनऊला एका सहा फुटी मुलानं कागदी वाटीत घेतले, उभ्याउभ्या खाल्ले, आणि जाऊन अख्खी बोट घेऊन आला. आता साइन-अपच्या यादीत माझ्या नावापुढे ‘यलो राइस’ असं लिहिलेलं असतं. ते राइस चपटं असतं, हे सांगायचा नाद मी सोडलाय.

जिंकल्यावर मुलं कॉक्सला उचलून पाण्यात फेकतात. हा मान आहे, धावू नका. टॉवेल मात्र तयार ठेवा.

आणि शेवटची शर्यत झाली म्हणजे दिवस संपला असं समजू नका. बोटी सुट्या करायच्या, ट्रेलरवर बांधायच्या, परत आल्यावर उतरवून जागच्या जागी ठेवायच्या, आणि हे सगळं संपेपर्यंत कुठलंही मूल घरी जात नाही. त्या संध्याकाळी कुणाकडे जेवायला येतो म्हणून कबूल करू नका.